चहानंतर

दारात चपला काढताना प्रमिलाला आतून भाईदासकाकांचा आवाज ऐकू आला आणि ती एका पायावर तशीच थांबली. भाईदासकाकांनी या घराची पायरी चढणं सोडलं त्याला तीन-चार वर्षं होऊन गेली होती. पण आवाज तोच, जाड आणि सावकाश, वाक्याच्या शेवटी किंचित वर चढणारा. "देव आमना, गल्ली आमनी, मंग भेव कसानं?" जळगावहून धुळ्यापर्यंत एस.टी.त तिचं अंग आंबून गेलं होतं, पारोळ्यानंतर खिडकीची काच नीट बसत नव्हती म्हणून कान गार पडले होते; तरी त्या एका वाक्यासरशी तिला हलकं वाटलं. मिटलं म्हणायचं एकदाचं. आता हबीबचाचाही येतील. तिचे वडील, नाना, पुन्हा रोजच्या रोज दाढी करायला लागतील. ती हसतच आत गेली. पुढच्या खोलीत टायपिंगची यंत्रं काळ्या रेक्झिनच्या टोप्या घालून दोन रांगांत बसली होती, आणि माणूस एकच होता. नाना. तेही आपल्या खुर्चीवर नव्हते. भिंतीकडेच्या स्टुलावर, जिथं भाईदासकाका बसायचे तिथं बसून, ते आपल्याच रिकाम्या खुर्चीशी बोलत होते. तिला पाहून ते ओशाळले नाहीत. "ये पमा," ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "वेळेवर आलीस. चहा व्हायचाय अजून."

तो शनिवार होता, आणि पुढच्या बुधवारी नाना गेले. त्यामुळे त्या शनिवारचं सगळं तिच्याजवळ राहिलं आहे, अगदी नको ते सुद्धा: नानांच्या स्वेटरचं उसवलेलं कोपर, ओट्यावर भाजून ठेवलेल्या भरताच्या वांग्याचा जळका वास, खिडकीजवळच्या स्टुलाचा एक पाय आखूड म्हणून त्याखाली घातलेला पुठ्ठा. इतकी बारीकसारीक आठवण तिला कुणाचीच कधी राहिली नव्हती. जणू मन शेवटी काय हरवणार आहे हे न कळल्यामुळे हाताला येईल ते उचलत गेलं.

नाना मूळचे सावद्याकडचे. केळीच्या घरातले. शिकून धुळ्याला आले आणि पाचव्या गल्लीत टायपिंगचा क्लास काढून बसले, तेव्हा त्यांचे थोरले भाऊ म्हणाले होते, "शालिग्राम, बागेला पानी द्यायचं सोडून आता लोकाईच्या बोटाईले वळण लाव." नानांनी ते मनाला लावून घेतलं नाही, लोकांच्या बोटांना खरोखरच वळण लावलं. धुळ्याच्या कचेऱ्यांत, कोर्टात, शाळांत त्यांचे विद्यार्थी बसले. पण गावानं त्यांना ओळखलं ते शनिवारच्या बैठकीमुळे. संध्याकाळची बॅच सुटली की यंत्रांवर टोप्या चढायच्या आणि स्टुलांवर माणसं बसायची. गावात जो विषय पेटलेला असेल तो विषय. नळाचं पाणी, गिरणी, आरक्षण, भोंगे, काहीही. नियम एकच, आणि तो नानांचा: चहापूर्वी प्रत्येकानं आपली बाजू मांडायची, चहानंतर समोरच्याची. जागासुद्धा बदलायच्या. समोरच्याच्या स्टुलावर जाऊन बसायचं आणि 'तो म्हणतो' असं नाही, 'मी म्हणतो' असं बोलायचं, असं की ज्याची बाजू आहे त्यानं ऐकून म्हणावं, "बरोबर." तो "अजून नाही" म्हणाला तर पुन्हा. बरोबर येईपर्यंत कुणी घरी जायचं नाही. नव्या माणसाला हे पोरखेळासारखं वाटायचं, आणि पहिल्या खेपेला तो हटकून टिंगल करायचा, समोरच्याचा आवाज काढून, तोंड वाकडं करून. नाना शांतपणे म्हणायचे, "हा तर तूच बोललास. तो कुठं बोलला?"

चहा कधी यायचा हे मात्र नानांच्या हातात नव्हतं. ते आईच्या हातात होतं. आई कधी बैठकीत बसली नाही, पण मधल्या दारापाशी तांदूळ निवडत, शेंगा फोडत तिनं वीस वर्षं बैठक ऐकली. आवाज चढले, कुणी कुणाच्या बापावर गेलं, की पातेल्यात साखर पडल्याचा आवाज यायचा. हबीबचाचा म्हणायचे, "भाभी, इस गाँव की असली पंचायत तो आपके स्टो पर बैठती है." आणि आई आतून म्हणायची, "मग दूध जास्तीचं आनत जा."

हबीबचाचा घड्याळं दुरुस्त करायचे. एका डोळ्याला काचेची नळी लावून लावून त्यांचा तो डोळा माणसाकडे बघतानाही बारीक व्हायचा. भाईदासकाकांचं तेलाचं दुकान, तिसऱ्या पिढीचं. दोघांचं शत्रुत्वही बैठकीतलं आणि दोस्तीही. एकदा चहानंतर भाईदासकाकांनी हबीबचाचांची बाजू अशी मांडली की चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे भाईदास, तू तो मुझसे अच्छा मुसलमान निकला!" त्यावर काका म्हणाले, "उगा बस. घर मा कळनं तं मन्ही बायको जेवाले नही देवाव." सगळी खोली हसली होती. प्रमिला तेव्हा कॉलेजात होती. असं हसणं तिनं पुढे कुठल्याच सभेत ऐकलं नाही.

नव्वद सालच्या दिवाळीत हे संपलं. कसं संपलं हे सांगायला गेलं तर फार थोडं आहे. चौकातला रस्ता रुंद होणार अशी आवई उठली होती. रस्त्याच्या एका अंगाला मारुतीचं लहानसं देऊळ, दुसऱ्या अंगाला पीराचा ओटा. कुणाचं आधी हलणार यावरून गावात कुजबुज होती, आणि ते दिवसच असे होते की कुजबुज फार वेळ कुजबुज राहत नसे. त्या शनिवारी चहापूर्वी काका आणि चाचा इतके तापले की आईनं आल्याचा तुकडा ठेचलासुद्धा नाही, तसाच चहा दिला. मग जागा बदलल्या. चाचा काका होऊन बोलले: "मी भाईदास. मारुतीच्या दिव्याला तेल माझ्या आजोबांपासून आमच्या दुकानातून जातं. मला राग पीराचा नाही. राग याचा येतो की आम्ही गप्प बसणारे, म्हणून पहिला हात आमच्या देवाला लागतो." काकांनी मान हलवली. "बरोबर." मग काका चाचा होऊन बोलले. प्रमिला सुट्टीत घरी होती, मधल्या दारात आईशेजारी उभी होती. काकांना सुरुवातीला शब्द सापडत नव्हते. मग ते खाली बघत म्हणाले, "मी हबीब. मन्ही माय दर गुरुवारी ओट्यावर ऊद लावस. रस्ता मालेबी पाहिजे. पण आज ओटा सरकावा म्हणशात, उद्या म्हणशात दुकान सरकाव, परवा म्हणशात तूच सरक. मी कथा जाऊ? मी आठलाच शे. मन्हा बाप आठेच गाडेल शे." बाप इथंच पुरलेला, मग जाऊ कुठं, हे काका चाचांच्या स्टुलावरून विचारत होते. चाचांनी काच नसलेल्या डोळ्याला बोट लावलं आणि ते म्हणाले, "बरोबर. मला हे असं सांगता आलं नसतं." त्यानंतर दोघांनी मिळून नगरपालिकेत जायचं, दोन्ही ठिकाणांचं एकदमच काय ते ठरवायला सांगायचं, इथपर्यंत बोलणं आलं होतं.

पण दारात वना उभा होता. भाईदासकाकांचा साडू. तो काहीतरी निरोप द्यायला आला होता आणि आला तो चहानंतर. वना काही वाईट माणूस नव्हता, आगलाव्या तर मुळीच नव्हता. त्यानं जे ऐकलं तेच बाहेर जाऊन सांगितलं आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता: भाईदास स्वतःच्या तोंडानं पीराचा ओटा हलवू नका म्हणाला, बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि हबीब म्हणाला, मारुतीला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी काकांच्या दुकानाच्या पाटीवर डांबर होतं. गिऱ्हाईक समोरून जायचं आणि पुढच्या दुकानात शिरायचं. चाचांना त्यांच्या मोहल्ल्यात बसवून विचारलं गेलं, तुला बोलायला कुणी सांगितलं. नाना चौकात उभे राहिले. हा आमचा रिवाज आहे, म्हणून ज्याला त्याला समजावत राहिले. लोक ऐकून घ्यायचे, कारण फेगडे मास्तर म्हणून नानांना मान होता, आणि मग हसायचे. मनात नाही ते माणूस तोंडानं बोलेल कशाला, मास्तर? आणि इतकं मन लावून? दोन्हीकडच्या लोकांचं या एका गोष्टीवर एकमत होतं. काकांनी बैठक सोडली, आणि नुसती सोडून भागेना म्हणून मग कोपऱ्याकोपऱ्यावरच्या सभांतून ओरडायला लागले, सगळ्यांत मोठ्यानं, कारण त्यांना सगळ्यांत जास्त सिद्ध करायचं होतं. चाचांनी दुकान दुसऱ्या गल्लीत नेलं. त्यांची लेक सलीमा ही नानांच्या क्लासमधली सगळ्यांत वेगवान मुलगी, खिडकीजवळच्या यंत्रावर बसायची, मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेचा तिचा अर्ज भरलेला होता. ती सोमवारी आली नाही. नंतर कधीच आली नाही. रस्ता रुंद झालाच नाही. तो आजही तेवढाच आहे, आणि त्याच्या दोन्ही अंगांना मारुती आणि पीर दोघेही बसले आहेत, ऊन खात.

प्रमिला जळगावात कॉलेजात शिकवत होती आणि तिथल्या स्त्रियांच्या संघटनेत काम करत होती. तिला नानांची दया यायची आणि रागही यायचा, आणि रागाला तिच्याजवळ शब्द होते. ते कुंदाबाईंनी दिलेले होते. कुंदाबाई संघटनेच्या प्रमुख; जळालेल्या सुनांसाठी सिव्हिल हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर त्यांनी रात्री काढल्या होत्या, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या होत्या. त्या म्हणायच्या, "विरोधकाची बाजू आपल्या तोंडानं मांडणं म्हणजे त्याला उसना आवाज देणं. त्यांना आवाज काय कमी आहेत?" हे प्रमिलाला पटलं होतं. अजूनही पटत नाही असं नाही. फक्त एकदा, वरणगावच्या एका प्रकरणात, मुलगी मेल्यानंतर सासूला एकदा भेटून तिचं काय म्हणणं आहे ते ऐकावं, असं ती अभ्यासवर्गात म्हणाली होती. कुणी विरोध केला नाही. बायका चटया गुंडाळायला लागल्या, आणि निघताना कुंदाबाईंनी मायेनं तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "थकली आहेस तू, प्रमिला." त्या हातात खरीच माया होती. त्यामुळेच ती पुन्हा तसलं काही बोलली नाही. लाठी असती तर बोलली असती.

आणि नाना? नाना दर शनिवारी यंत्रांवर टोप्या चढवत राहिले. तोताराम गिरणीवाले काही महिने येत होते, मग त्यांच्याही युनियनमध्ये कुणी काही म्हणालं असावं. नंतर कुणीच नाही. आई तरी भांडंभर चहा टाकायची. नाना एकटेच दोन्ही बाजू बोलतात हे आईनं तिला कधी सांगितलं नव्हतं. त्या शनिवारी ती भाईदासकाकांच्या आवाजाला फसली, तेव्हा तिला ते कळलं. म्हातारा बाप रिकाम्या खोलीत दुसऱ्याच्या आवाजात बोलत होता. दया आली की प्रमिला कठोर व्हायची. तो तिचा स्वभावच होता.

"नाना, पुरे करा आता," ती म्हणाली. "कुणासाठी चाललंय हे?"

"माझ्यासाठी," नाना म्हणाले. "तू बस ना. विषय तू दे."

"विषय हाच. तुमची बैठक."

नाना हसले. स्टुलावरून उठून आपल्या खुर्चीत बसले. "मांड. चहापूर्वी आहे, आपली बाजू मांड."

तिनं मांडली. उभ्यानंच, पर्स खांद्याला तशीच. हा तुमचा खेळ होता, ती म्हणाली. ज्याला काही गमवायचं नाही त्याचा खेळ. तुम्ही पंच होतात, तुमच्या पाटीला डांबर लागलं नाही. किंमत मोजली ती भाईदासकाकांनी, चाचांनी. आणि सलीमानं, जी खोलीतसुद्धा नव्हती. बाहेर आग लागलेली असताना तुम्ही आत बसून लोकांना एकमेकांचे कपडे घालायला लावलेत, आणि मग बाहेरच्यांनी त्यांना ओळखलं नाही म्हणून तुम्हाला नवल वाटलं. भोळेपणा इतका असू नये नाना, की दुसऱ्यांना भोवावा. त्या दिवशी वना दारात उभा आहे एवढं जरी तुम्हाला दिसलं असतं...

"दिसला होता," नाना म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही. "काय?"

"वना. दिसला होता मला. भाईदास बोलायला लागला तेव्हाच. दारात उभा होता."

"मग थांबवलं का नाही तुम्ही?"

आत साखर पडल्याचा आवाज आला. आई चहा घेऊन आली, तिघांचे कप ठेवले, आणि मधल्या दारात आपल्या जागेवर जाऊन बसली. प्रमिलानं कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. नानांनी चहा संपवला, मिशी पुसली, उठले, आणि ती जिथं उभी होती त्या बाजूच्या स्टुलावर येऊन बसले. खिडकीजवळच्या, सलीमाच्या यंत्रासमोर.

"मी प्रमिला," ते म्हणाले. टिंगल नव्हती, आवाजही तिचा काढला नव्हता. "माझ्या वडिलांवर माझा राग आहे, आणि तो राग मला जड जातो. मला वाटतं, त्यांनी माणसांवर जितका विश्वास ठेवला तितकी माणसं चांगली नाहीत, आणि हे त्यांना कळायला हवं होतं. त्यांना ते कळलं नाही म्हणून सलीमाची परीक्षा गेली. मी रोज अशा मुली बघते. त्यांची बाजू मांडायलाच कुणी नसतं, आणि माझा बाप त्यांच्या विरुद्धची बाजूही नीट मांडा म्हणतो. मला ते पेलत नाही. आणि आता मला कळलं की वना त्यांना दिसला होता. म्हणजे ते भोळेसुद्धा नव्हते. मग मी काय समजू?" ते थांबले. तिच्याकडे बघत राहिले. नियमाप्रमाणे आता तिनं बोलायचं होतं.

ते बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की तिला उघडं पडल्यासारखं झालं. जड जातो, हा शब्दसुद्धा तिचाच होता, आणि तो तिनं कुणाजवळ कधी उच्चारला नव्हता.

"अजून नाही," ती म्हणाली.

नानांनी मान डोलावली. "बरं. पुन्हा करीन. पण आता माझी बाजू तू सांग. मी का थांबवलं नाही, ते सांग."

"बस चुकेल नाना. पुढच्या शनिवारी."

"बरं," ते म्हणाले. ती चपला घालत होती तेव्हा ते दाराशी आले. "भरीत केलंय तुझ्या आईनं, डब्यात घेऊन जा," म्हणाले. तिनं डबा घेतला. हे त्यांचं तिच्याशी शेवटचं बोलणं.

बुधवारी सकाळच्या बॅचला वेगाची चाचणी चालू होती. नाना स्टॉपवॉच घेऊन खुर्चीत बसले होते. मुलं टाइप करत होती. उतारा संपला तरी नाना "थांबा" म्हणाले नाहीत, म्हणून मुलांनी तोच उतारा पुन्हा पहिल्यापासून घेतला. चांगल्या वळणाची मुलं; सर सांगेपर्यंत थांबायचं नाही आणि मान वर करायची नाही, हे त्यांना सरांनीच शिकवलेलं. कुणाचा तरी कागद संपला, त्यानं वर पाहिलं, तेव्हा कळलं. प्रमिलाला हे एका मुलीनं रडत रडत सांगितलं. तिला स्वतःला रडू आलं नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस रिकाम्या वेळात तिच्या कानांत ती यंत्रं चालू असायची, सगळी एकदम, आणि कुणीतरी थांबा म्हणायची वाट बघायची.

तेरावं झाल्यावर पहिल्या शनिवारी कुंदाबाई जळगावहून भेटायला आल्या. त्या बसल्या असतानाच दारात हबीबचाचा उभे राहिले, टोपी हातात घेऊन, आत यावं की नाही अशा पायांनी. ते बसतात न बसतात तो भाईदासकाका आले. कपाळावर मोठा टिळा, अंगानं उतरलेले. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघेही आपापल्या जुन्या स्टुलांवर बसले. दुसरीकडे बसायचं असतं तर आधी ठरवावं लागलं असतं. सलीमा कशी आहे, प्रमिलानं विचारलं. "मालेगावात आहे, पमाबेटी. दोन लेकरं आहेत," चाचा म्हणाले, आणि त्यांची नजर खिडकीजवळच्या यंत्रावर गेली. त्या यंत्राची टोपी इतरांपेक्षा कोरी होती, रोजच्या काढ-घालीनं न झिजलेली. तिच्यानंतर ते यंत्र नानांनी कुणाला दिलंच नव्हतं, हे प्रमिलाला आत्ता उमगलं.

मग शोकसभेचा विषय निघाला. काका म्हणाले, आमचे लोक सभा घ्यायला तयार आहेत, फक्त त्यांचं म्हणणं की नानांचे अलीकडचे विचार बाजूला ठेवावेत. कुंदाबाई म्हणाल्या, धर्मांध राजकारणाचा बळी म्हणून त्यांचं नाव घ्यायला हवं, मी बोलेन. चाचा म्हणाले, हमारे यहाँ से कोई आएगा नहीं, मी एकटा येईन, मागे बसेन. बोलता बोलता काकांनी सुस्कारा टाकला. "नाना देवमाणूस. पण भोळा व्हता."

"भोले थे," चाचा म्हणाले.

"भोळेच," कुंदाबाई हळूच म्हणाल्या. "म्हणून तर एकटे पडले."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या खोलीत जमलेलं हे पहिलं एकमत असेल, आणि ते तिघांनाही बरं वाटल्यासारखं दिसलं. प्रमिलाला जाणवलं की तीही यात होती. याच खोलीत, याच शब्दात. नाना भोळे ठरले की सगळ्यांचंच सोपं होतं. मग कुणाला काही विचारावं लागत नाही.

आत साखर पडली. आई ट्रे घेऊन आली. सगळे चहा प्याले. शेवटचा घोट घेऊन काकांनी कप खाली ठेवला आणि ते स्टुलावरून उठले. समोर चाचाही गुडघ्यांवर हात देऊन अर्धे उठले होते. मग दोघांच्याही लक्षात आलं. तसेच अवघडून उभे राहिले क्षणभर, आणि पुन्हा जिथल्या तिथं बसले. कुंदाबाईंना काही कळलं नाही. आई दारातून बघत होती.

प्रमिला उठली. खोली ओलांडून नानांच्या खुर्चीत जाऊन बसली. खुर्चीचा वेत मध्ये खचला होता. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ती खाली गेली.

"नानांचं म्हणणं असं होतं," तिनं सुरुवात केली, "की माणसांनी जर..."

"अजून नई, पमे," आई दारातून म्हणाली.

काकांनी मान खाली घातली. प्रमिला थांबली. हे तिनं अभ्यासवर्गात, मोर्चात, वर्गात कधी केलं नव्हतं. भाषणं केली होती. तिनं डोळे मिटले तेव्हा नव्वद सालची खोली दिसली, पण मधल्या दारातून नाही; या खुर्चीतून. या खुर्चीतून दार सरळ समोर दिसत होतं.

"मी शालिग्राम फेगडे," ती म्हणाली. "पमा म्हणते, मी भोळा होतो. मी भोळा नव्हतो. मला वना दिसला होता. भाईदास तेव्हा खाली बघून बोलत होता. हबीबच्या आईचं बोलत होता. त्याला शब्द सापडत नव्हते आणि मग सापडले. मी हात वर केला असता तर तो थांबला असता. पण पुन्हा कधी त्याला ते शब्द सापडले नसते, आणि हबीबला ते ऐकायला मिळाले नसते. ते वाक्य मध्येच तोडणं मला जमलं नाही. आणि मला वाटलं, वना आत येईल. स्टूल ओढून बसेल. विचारेल, भाईदास, हे तू काय बोलू राहिला? एवढंच. एक प्रश्न. तो विचारेल असं मी धरून चाललो. त्यानं विचारला नाही, आणि मग गावात कुणीच विचारला नाही. माझा अंदाज चुकला, हे पमाचं म्हणणं मला मान्य आहे. पण मी दुसरा कुठला माणूस धरून चालायचं होतं? कधीच न विचारणारा माणूस धरला असता तर बैठक त्याच दिवशी मी स्वतः बंद केली असती, कुणी डांबर लावण्याआधी." तिला श्वास घ्यावा लागला. "सलीमाचं माझ्याकडे उत्तर नाही. तिच्या यंत्रावर मी कुणाला बसवलं नाही. ते उत्तर नव्हे, मला ठाऊक आहे. म्हणून मी दर शनिवारी बसतो. भाईदास होतो, हबीब होतो, आणि चहानंतर पमा होतो. तिचं मला अजून नीट येत नाही. ती म्हणते, अजून नाही."

चाचांनी तोंडावर टोपी धरली होती. कुंदाबाई प्रमिलाकडे बघत होत्या, आणि त्यांचा हात पाठीवर ठेवायला निघून वाटेतच थांबल्यासारखा मांडीवर पडला होता.

"बरोबर," आई म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले नाहीत, ट्रे उचलला. पण ती आत गेली नाही. तिथंच उभी राहिली, कारण बैठक संपली नव्हती. एक 'बरोबर' यायचं राहिलं होतं.

प्रमिला खुर्चीतून उठली आणि खिडकीजवळच्या स्टुलाकडे वळली, त्या शनिवारी नाना जिथं बसून तिचं बोलले होते तिकडे. स्टुलाखाली पुठ्ठा अजून होता.

"बरोबर, नाना," ती मोठ्यानं म्हणाली. "माझं तुम्ही सांगितलंत ते. तेव्हाच बरोबर होतं."